नकाशाला साक्षीदार कोण?

१७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला. इंग्रजांनी तो निजामाच्या पदरात टाकला. तहाच्या कलमात हद्द सांगताना वर्धा डोंगरातून निघते तिथपासून ती गोदावरीला मिळते तिथपर्यंत, असे धरले आहे. राजुऱ्याच्या काठावरचा एखादा ढिवर हे ऐकून हसला असता. वर्धा गोदावरीला मिळतच नाही. ती वैनगंगेला मिळते, दोघींची मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते. कलम लिहिणाऱ्यांपैकी कोणी त्या संगमांवर उभे राहिले नसावे. तरीही ती ओळ पुढे दीडशे वर्षे हद्द म्हणून चालली. नदीच्या एका काठाला चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, दुसऱ्या काठाला निजामाचे राजुरा.

आज त्याच राजुऱ्यात बसून कोणीही फोनवर चार वेगवेगळे नकाशे उघडू शकतो. कोणता अचूक, कोणता फुकट, कोणता रानात चालतो, याच्या तुलना वाचायला मिळतात आणि शेवटी तारे मोजून निकालही हाती येतो. त्या निकालावर भरवसा किती ठेवायचा, हा प्रश्न नवा वाटतो, पण या तालुक्याला तो जुनाच आहे. राजुऱ्याने दोनशे वर्षांत तहाचा नकाशा पाहिला, साखळीचा पाहिला, जंगल खात्याचा पाहिला, उपग्रहाचा पाहिला. प्रत्येकाला कधी ना कधी ‘तुझा साक्षीदार कोण?’ असे विचारावे लागले.

विचारण्याची रीत घालून दिली ती, गंमत म्हणजे, एका नकाशे करणाऱ्यानेच. जेम्स रेनेल हा बंगालचा पहिला सर्व्हेयर जनरल. त्याने हिंदुस्थानचा मोठा नकाशा काढला आणि १७८३ मध्ये त्यासोबत एक पुस्तकही छापले. कोणते ठिकाण कशाच्या आधारावर मांडले, कुठे फौजेच्या कूचाची नोंद वापरली, कुठे एखाद्या प्रवाशाने सांगितलेले कोसांचे अंतर, याचा तो कबुलीजबाब होता. गोंडवनाचा भाग त्या काळी इंग्रजांना जवळजवळ कोराच होता. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट चुनारहून निघून वैरागडच्या बाजूने गोदावरीकडे उतरला, तेव्हा त्या कोऱ्या जागेत एक वाट उमटली. एकाच वाटेवरची गावे जागेवर आणि दहा कोस बाजूला पुन्हा सगळे कोरे, असा तो नकाशा. पण रेनेलच्या पुस्तकामुळे वाचणाऱ्याला निदान कळत होते, की पाय कुठे रोवायचा आणि कुठे जपून टाकायचा. आजच्या किती तुलनांना असे शेपूट असते? चाचणी कोणत्या गावात झाली, कोणत्या महिन्यात, कोणता फोन होता, एवढे तीन प्रश्न विचारले तरी बहुतेकांची दातखिळी बसेल.

राजुऱ्याहून वायव्येला हिंगणघाट. तिथे २० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्बटन वारला. हैदराबादहून नागपूरकडे निघाला होता. १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्याने पहिली पायारेषा मोजली होती, आणि वीस वर्षे ७८ अंश रेखांशाच्या आसपास त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत आला होता. या कामाची खरी मेख त्रिकोणात नाही, पायारेषेत आहे. एक बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची, मग फक्त कोन घेत शेकडो मैल पुढे जायचे आणि तिथे पुन्हा एक रेषा मोजून पाहायची. हिशेबातून आलेली लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी जुळली तर मधले सगळे त्रिकोण शाबूत. १८१५ मध्ये बिदरपाशी अशी रेषा मोजली गेली, पुढे मध्य भारतातल्या सिरोंजला. लॅम्बटनचा वारस जॉर्ज एव्हरेस्ट याने या दोन्ही रेषा नव्या उपकरणांनी पुन्हा मोजवून घेतल्या. म्हणजे गुरूच्या आणि स्वतःच्या जुन्या कामाची त्याने उलटतपासणी केली.

ही मोजणी जवळून पाहण्यासारखी होती. १०० फुटांची पोलादी साखळी, ती उन्हात पडू नये म्हणून वर तंबू, खाली लाकडी पेट्या, ठिकठिकाणी तापमापक. एवढा थाट कशासाठी? पोलाद उन्हात लांबते. बारा किलोमीटरची रेषा मोजताना सकाळ-दुपारच्या पाऱ्यात वीस अंशांचा फरक पडला आणि तो कोणी लिहूनच ठेवला नाही, तर रेषेत जवळपास पावणेतीन मीटरची खोट येते. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने अंगावर काढला आहे त्याला हा हिशेब फोडून सांगायला नको.

रानाने मात्र या शास्त्राला चांगलेच पाणी पाजले. १८१९ च्या पावसाळ्यात कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात तरुण एव्हरेस्ट शिरला आणि तापाने जवळपास सगळी तुकडी आडवी झाली. तो स्वतः प्रकृती सुधारायला केप ऑफ गुड होपला गेला. त्यानंतर जंगलाची मोजणी म्हटले की थंडीची वाट पाहायची, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडले. अजूनही पानगळीनंतरचे आणि श्रावणातले उपग्रह चित्र एकाच रानाचे आहे हे ओळखू येत नाही, इतका सागवानी जंगलाचा रंग बदलतो.

पण चुका काही साखळीच्याच नसतात. साखळी धरणाऱ्याच्याही असतात. मुंबई इलाख्यात रॉबर्ट प्रिंगल याने १८२८ च्या सुमारास पुणे भागात जमिनीची पाहणी केली. पद्धत कागदावर फार देखणी होती: प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्यावर सारा बसवायचा. प्रत्यक्षात मोजणीदारांनी पैसे खाऊन चांगली जमीन वाईट लिहिली, वाईट ती चांगली लिहिली, मापे वाकवली. कुंपणानेच शेत खाल्ले. सारा वसूल होईना, शेतकरी गावे सोडून जाऊ लागले आणि ती पाहणी गुंडाळावी लागली. १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने सुरुवात केली. त्यांची साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. साधा हिशेब, जो शेतकऱ्यालाही बांधावर उभे राहून पडताळता येई. शिवाय खालच्याने मोजलेल्यातली काही शेते वरच्या अधिकाऱ्याने स्वतः पुन्हा मोजायची. प्रिंगलच्या पद्धतीत हुशारी जास्त होती, विंगेटच्या पद्धतीत पडताळा जास्त होता. टिकली ती दुसरी.

निजामाच्या राजुऱ्यात हीच कथा वेगळ्या लिपीत चालली. नदीच्या चांदा काठावर मध्य प्रांताचा कारभार. तिथे मेजर ल्यूसी स्मिथ याने १८६९ मध्ये बंदोबस्ताचा अहवाल लिहिला, मालगुजार आले, खसरा आला, गावाच्या वहिवाटीसाठी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज आले. राजुरा काठावर जमिनीचा कागद म्हणजे सेतवार, आणि तो उर्दूत. एका नदीचे दोन काठ, पण कागदांची नावे वेगळी, भाषा वेगळी, हक्क लिहिण्याची रीतही वेगळी. एखादा कुणबी नदी ओलांडून सोयरिकीत गेला की तिथल्या पटवाऱ्याचा कागद त्याला परका. आजही दोन सॉफ्टवेअरांची तुलना करताना पुष्कळदा हेच घडते. दोघांच्या नकाशात ‘रस्ता’ हाच शब्द असतो, पण एकाच्या लेखी बैलगाडीची वाटही रस्ता, दुसऱ्याच्या लेखी फक्त डांबर. मग एकात रस्ते दुप्पट दिसतात आणि तुलना करणारा त्यालाच जास्त गुण देऊन मोकळा होतो.

नकाशावरची रेघ माणसाच्या जिवावर कशी उठते तेही या मुलखाने पाहिले. आदिलाबाद जिल्ह्यात, ज्यात तेव्हा राजुरा तालुका होता, निजामाच्या जंगल खात्याने राखीव जंगलाच्या रेषा आखल्या. रेषेच्या आत गोंड-कोलामांची पोडूची (फिरती) शेते सापडली, आणि कालपर्यंतचा कसणारा रातोरात अतिक्रमण करणारा झाला. गोंड पुढारी कोमाराम भीम याचे बंड उभे राहिले आणि १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात तो मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवले. तो मार्लावाईत राहिला आणि लोक रेषेबद्दल काय म्हणतात ते त्याने लिहून घेतले. त्यातून पुढे हजारो गोंड कुटुंबांना पट्टे मिळाले. नकाशा तोच होता. फरक एवढाच, की त्याला पहिल्यांदा रेषेच्या आतल्या माणसाने उत्तर दिले.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडले. राजुरा तालुका मुंबई राज्यात आला आणि त्याला जोडले कुठे, तर नांदेड जिल्ह्याला. १९५९ मध्ये तो चांद्यात आला. तीन वर्षांत तीन जिल्हे: आदिलाबाद, नांदेड, चांदा. दप्तराचे गठ्ठे बैलगाडीने, रेल्वेने, मिळेल तसे फिरले. उर्दूतला सेतवार वाचणारा कारकून दरवर्षी एक कमी होत गेला. पुढे याच तालुक्यातून कोरपना आणि जिवती वेगळे झाले.

जिवतीच्या डोंगरावर या फाळणीची एक गाठ राहून गेली. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, नागराळा, भोलापठार, लेंडीगुडा अशी १४ गावे दोन्ही राज्ये आपली म्हणतात. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून आलेली बरीच कुटुंबे इथे स्थिरावली. इथे मराठी शाळा आहे आणि तेलुगूही आहे. रेशनकार्डे दोन, मतदार याद्या दोन, ग्रामपंचायती दोन. महाराष्ट्राच्या लेखी गाव जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या लेखी केरामेरी मंडलात. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्राच्या महसूलमंत्र्यांनी ही गावे राज्यातच समाविष्ट करण्याची प्रक्रिया सुरू होत असल्याचे जाहीर केले. दोन्हीकडचे रेशन घेणाऱ्या गावकऱ्याला यात आनंद किती आणि काळजी किती, हे त्यालाच विचारावे.

खुल्या नकाशांमध्ये सर्वांत गाजलेला ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये सुरू झाला. त्याचा एक आवडता नियम आहे: वाद असेल तिथे जमिनीवर जे दिसते तेच मांडा. नियम चांगला आहे. पण परमडोलीच्या जमिनीवर दोन्ही दिसते. मराठी पाटी दिसते, तेलुगू पाटी दिसते, दोन्हीकडचे शिक्षक दिसतात. या गावाच्या बाबतीत कोणता नकाशा ‘अचूक’, असे विचारणाऱ्या तुलनेला काही अर्थच उरत नाही. तिथे विचारायचे ते हे, की नकाशाने वाद लपवला की दाखवला.

अंकांची भुरळ सगळ्यांत मोठी. १९८० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने उपग्रह चित्रांवरून सांगितले, की भारताच्या १४.१० टक्के भूभागावरच जंगल उरले आहे. देशभर खळबळ उडाली. वनसर्वेक्षण खात्याचा आकडा मात्र वेगळा. मग दोन्ही संस्था समोरासमोर बसल्या, विरळ जंगल कशाला म्हणायचे यावर खल झाला आणि आकडा १९.५२ टक्क्यांवर जुळला. म्हणजे जवळपास साडेपाच टक्के देश जंगलात गेला तो झाडे लावून नव्हे, व्याख्या जुळवून. १९८७ पासून वनस्थितीचा अहवाल दर दोन वर्षांनी निघू लागला. त्यातही २००१ मध्ये सगळे वाचन संगणकावर आले. गडचिरोलीच्या जंगलाचा १९९९ चा आकडा २००१ च्या शेजारी ठेवून ‘वाढले की घटले’ असे विचारणारा माणूस खरे तर दोन वेगळ्या चष्म्यांची तुलना करत असतो.

अशा फसगतीचा एक नमुना कोणीही घरी करून पाहू शकतो. भारतीय सर्वेक्षण विभागाची राजुऱ्याची जुनी शीट ५६ एम/५, प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचे २ सेंटिमीटर जमिनीवर १ किलोमीटर. बल्लारपूर आणि चंद्रपूरही तिच्यावरच आहेत. ती स्कॅन करून क्यूजीआयएससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची, कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश टाकायचे आणि खाली उपग्रह चित्र लावायचे. शीटवरचा वर्धेचा पूल चित्रातल्या पुलावर बसत नाही. शंभराहून जास्त मीटर सरकलेला दिसतो. अर्धवट जाणकार लगेच निकाल देतो: सरकारी नकाशा चुकीचा, परदेशी चित्र बरोबर. खरी गोष्ट अशी, की जुनी शीट एव्हरेस्टने १८३० मध्ये धरलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेली आहे आणि जीपीएस १९८४ च्या वेगळ्या आकारावर. सॉफ्टवेअरच्या एका खान्यात योग्य नाव निवडले की पूल बऱ्यापैकी जागेवर येतो. हा एक खाना न भरता केलेल्या तुलना किती गाजल्या असतील कोण जाणे. कागदाचीही मर्यादा आहेच: त्या शीटवरची अर्ध्या मिलिमीटरची हद्दीची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद असते. दोन भावांचा बांधाचा वाद त्या रेघेच्या पोटातच मावतो.

नीट केलेली तुलना कशी असते त्याचे उदाहरण लंडनचे. मुकी हकले या संशोधकाने २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात ओपनस्ट्रीटमॅप आणि ब्रिटनच्या सरकारी ऑर्डनन्स सर्व्हेचे रस्ते एकमेकांवर ठेवून मोजले. सरासरी फरक सुमारे ६ मीटर निघाला, म्हणजे हौशी लोकांचे काम चांगलेच होते. पण त्याने आणखी एक गोष्ट पाहिली: श्रीमंत वस्त्यांचा नकाशा भरलेला, गरीब वस्त्यांचा विरळ. तो ६ मीटरचा आकडा उचलून ‘खुला नकाशा अचूक असतो’ असे जिवतीच्या डोंगराबद्दल कोणी म्हणेल तर ते मुंबईच्या लोकलचे वेळापत्रक घेऊन तिथल्या पाटणच्या एसटीची वाट पाहण्यासारखे आहे.

उलट टोकाला मिल्डुरा. २०१२ च्या सप्टेंबरात अ‍ॅपलने स्वतःचा नवा नकाशा आणला आणि दहा दिवसांच्या आत कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या पोलिसांनी इशारा दिला, की हा नकाशा मिल्डुरा शहर खऱ्या जागेपासून ७० किलोमीटर दूर एका राष्ट्रीय उद्यानात दाखवतो, लोक पाण्याविना तिथे अडकत आहेत आणि पारा ४६ अंशांवर जातो. नकाशाचा वेग, रंग, आवाज याबद्दल लिहिणारे तोवर पुष्कळ झाले होते. गाव जागेवर आहे का, हे पोलिसांनी पाहिले, कारण माणसे शोधायला त्यांनाच जावे लागत होते.

आपल्याकडे २००९ च्या ऑगस्टमध्ये इस्रोचा ‘भुवन’ आला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला देशी गूगल अर्थ ठरवून कुस्ती लावून दिली. काहींनी देशाभिमानाने गुण दिले, काहींनी साइट उघडायला वेळ लागतो म्हणून कापले. दोघांनीही पीक, जंगल, पाणलोट यांच्या नोंदींसाठी तो किती उपयोगी, हे फारसे विचारले नाही.

राजुऱ्याच्या बाबतीत तर चित्राची तारीखच निम्मा निकाल ठरवते. सास्ती, पवनी, धोपटाळा या भागात कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. सास्तीचा कोळसा निजामाच्या काळापासून ठाऊक, आणि थिओडोर ह्यूजने वर्धा खोऱ्याच्या कोळशावरचा भूगर्भशास्त्रीय अहवाल १८७७ मध्येच छापला होता. खुल्या खाणीत जमीन जागेवर राहत नाही. काल जिथे शेत होते तिथे खड्डा, नाला वळवलेला, शेजारी मातीचा उपसून टाकलेला डोंगर. तीन वर्षांपूर्वीचे चित्र दाखवणारा नकाशा पुण्यात उत्तम ठरेल, सास्तीत तो माणसाला खाणीच्या कडेवर नेऊन सोडेल. पावसाळ्यात वर्धेचे पाणी पुलावर चढून राजुरा-बल्लारपूर रस्ता बंद होतो तेव्हाही पुष्कळदा चहाच्या टपरीवरची बातमी पडद्यावरच्या निळ्या रेघेच्या आधी पोचते.

हे सगळे वनहक्काच्या दाव्यात एकत्र येते. २००६ च्या कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मिळू शकतो, जास्तीत जास्त ४ हेक्टर. मग २००५ चे उपग्रह चित्र काढून ‘इथे तर जंगल दिसते’ असे म्हणणे सुरू झाले. वनखात्याच्या मोजणीत वर्षानुवर्षे वापरलेल्या चित्राचा एक ठिपका साडेतेवीस मीटर चौरस, म्हणजे जमिनीवर सुमारे साडेपाच गुंठे. शेतात चार मोहाची झाडे राखलेली असली तर वरून फक्त त्यांचे डेरे दिसतात. खालची ज्वारी दिसत नाही. हाती धरायच्या जीपीएसचे तेच. उघड्यावर तो पाच मीटर इकडेतिकडे जाणारच. एक हेक्टरच्या चौकोनी तुकड्याच्या चारी बाजू पाच-पाच मीटर आत धरल्या तर १०० आरचे ८१ आर उरतात. १९ आर गेले, नुसत्या जीपीएसच्या चुकीत. २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि त्यात स्पष्ट लिहिले गेले, की उपग्रह चित्र आणि तंत्रज्ञान इतर पुराव्यांना जोड म्हणून घ्यावे, त्यांच्या जागी नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांची साक्ष, जुनी दगडी बांधबंदिस्ती, स्मशानभूमी, देवस्थान हेही पुरावे धरले जातात.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्या गावाची जुनी सवय म्हणजे अभ्यास गट. विषय कोणताही असो, बाहेरच्याचे म्हणणे ऐकायचे, आपसांत बोलायचे आणि सगळ्यांची सहमती झाल्याशिवाय ठराव करायचा नाही. नकाशावरही असेच बसून बोलता येते: ही नाली कुठली, हा दगड कोणाचा, हे टेकाड कागदावर का नाही.

शालेय भिंतीवरच्या भारताच्या नकाशाखाली बारीक अक्षरांत एक टीप बरीच वर्षे छापून येते: अरुणाचल, आसाम आणि मेघालय यांच्यातल्या राज्यसीमा १९७१ च्या ईशान्य प्रदेश पुनर्रचना कायद्याचा अर्थ लावून दाखवल्या आहेत, पण अजून पडताळलेल्या नाहीत. एवढे प्रामाणिक वाक्य बहुतेक सॉफ्टवेअर आपल्याबद्दल लिहीत नाहीत. त्या टिपेत जिवतीच्या डोंगराचा उल्लेख नाही. परमडोलीच्या शाळेत तोच नकाशा भिंतीवर लावला, तर मुलांना राज्याची रेघ एकच दिसते, आणि घरी दोन रेशनकार्डे.